‘कम्युटेशन’ ह्या शब्दाचे नाना अर्थ व त्यांतून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध

सरकारी कागदांतून, कायद्याच्या पुस्तकांतून व यंत्रांच्या माहितीपत्रकांतून ‘कम्युटेशन’ हा इंग्रजी शब्द वारंवार येतो. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा भासतो. पेन्शनर मनुष्य म्हणतो, ‘मी कम्युटेशन घेतले’. वकील म्हणतो, ‘शिक्षेचे कम्युटेशन झाले’. वतनाच्या जुन्या दप्तरात तोच शब्द चाकरीच्या संबंधाने आढळतो. आणि ट्रॅक्टरचा स्टार्टर दुरुस्त करणारा कारागीर ‘कम्युटेटर घासला’ असे सांगतो. एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा आला, आणि जमीन धारण करणाऱ्या शेतकऱ्यास तो समजून घेण्याचे प्रयोजन काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

मूळ अर्थ

हा शब्द लॅटिन भाषेतील एका क्रियापदापासून निघाला असून ‘एकाच्या जागी दुसरे ठेवणे, पालटणे’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. मराठीत त्यास सर्वत्र चालेल असा एकच प्रतिशब्द नाही. शिक्षेच्या बाबतीत ‘परिवर्तन’, पेन्शनच्या बाबतीत ‘अंशराशीकरण’, गणितात ‘क्रमनिरपेक्षता’ असे निरनिराळे शब्द रूढ झाले आहेत. तथापि व्यवहारातील बहुतेक अर्थांच्या मुळाशी कल्पना एकच आहे. ती ही की, मूळचे देणे, घेणे किंवा बंधन नाहीसे होत नाही. त्याचे केवळ रूप पालटते. ‘माफी’ आणि ‘कम्युटेशन’ ह्यांतील भेद येथेच आहे, व तो वाचकांनी प्रथम मनात पक्का करावा. माफीत देणे बुडते. कम्युटेशनमध्ये ते दुसऱ्या वेषात उभे राहते.

शिक्षेचे परिवर्तन

ह्या भेदाचे आपल्या परिचयाचे उदाहरण लोकमान्य टिळकांच्या १९०८ सालच्या खटल्यात सापडते. त्यांस सहा वर्षे काळे पाणी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली होती. पुढे सरकारने दंड सोडून दिला आणि काळ्या पाण्याऐवजी साधी कैद दिली. ती त्यांनी मंडाले येथे भोगली व १९१४ साली ते सुटले. येथे दंडाच्या बाबतीत जी झाली ती माफी, आणि काळ्या पाण्याच्या बाबतीत जे झाले ते परिवर्तन. दंडाचा एक पैसाही भरावा लागला नाही; परंतु सहा वर्षे मात्र भोगावीच लागली.

आजही भारताच्या संविधानाच्या ७२ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींस व १६१ व्या अनुच्छेदाने राज्यपालांस क्षमा करण्याचे, शिक्षेत सूट देण्याचे आणि शिक्षेचे स्वरूप पालटण्याचे अधिकार दिलेले आहेत. हे शब्द एकाच वाक्यात आले, तरी त्यांचे परिणाम भिन्न आहेत. देहान्ताच्या शिक्षेच्या जागी जन्मठेप आली, तर ते परिवर्तन होय. कैद्याचा अपराध त्यामुळे पुसला जात नाही.

धान्याच्या जागी रोकड

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे शेतीकडे वळू. शेतीच्या इतिहासात कम्युटेशन म्हणजे मुख्यत्वे धान्याच्या रूपाने द्यावयाचा हिस्सा रोख रकमेत बदलून घेणे. राजाचा सारा असो, जमीनदाराचा खंड असो, की देवस्थानाचा हक्क असो, प्राचीन काळी तो बहुधा खळ्यावरच मोजून दिला जात असे. ह्या पद्धतीत एक गुण होता. पीक बुडाले तर घेणाऱ्याचाही वाटा बुडे. पीक उत्तम आले तर दोघांचेही घर भरे. रोकड ठरली म्हणजे हा जोखमीचा सहभाग संपतो. म्हणून रोकड किती व कोणत्या भावाने ठरली ह्यावर सर्व काही अवलंबून राहते.

अकबराच्या कारकिर्दीत १५८० च्या सुमारास राजा तोडरमल ह्याने जी दहसाला पद्धत बसविली, तिच्यात दहा वर्षांचे उत्पन्न व दहा वर्षांचे बाजारभाव ह्यांची सरासरी काढून रोख दर बांधले होते. एकाच वर्षाचा भाव धरला तर तेजीच्या वर्षी रयत नागवली जाईल व मंदीच्या वर्षी खजिना रिता राहील, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांच्या ध्यानात आले होते. पुढे तीनशे वर्षांनी, १८८५ च्या बंगाल कुळकायद्याच्या ४० व्या कलमात हेच तत्त्व आढळते. धान्याच्या रूपाने खंड देणाऱ्या दखलदार कुळास तो रोख करून मागण्याचा अधिकार त्या कलमाने दिला. आकार ठरविताना शेजारच्या तशाच जमिनींचा रोख खंड आणि मागील दहा वर्षांत मालकाच्या पदरात पडलेल्या धान्याची सरासरी किंमत ह्यांकडे पाहावे असे त्यात सांगितले होते.

सरासरी धरण्यात काय शहाणपण आहे हे एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, एका शेताचा खंड सहा क्विंटल ज्वारी आहे आणि मागील पाच वर्षांचे भाव क्विंटलला अनुक्रमे २,०००, २,२००, २,४००, ३,००० व ३,४०० रुपये असे आहेत. शेवटच्या वर्षीच्या भावाने खंड रोख केला तर तो २०,४०० रुपये होतो. पाच वर्षांची सरासरी २,६०० रुपये येते. त्या भावाने तो १५,६०० रुपये होतो. पुढील वर्षी भाव २,००० वर उतरला असे धरा. पहिल्या प्रकारात कसणाऱ्यास खंडासाठी दहा क्विंटलांहून अधिक ज्वारी विकावी लागेल, दुसऱ्या प्रकारात पावणेआठ क्विंटलांच्या किंचित वर; आणि मूळचा धान्याचा खंड कायम असता तर सहा क्विंटलांतच काम भागले असते. तेजीच्या ऐन भरात रोकड ठरविणारा फसतो तो असा.

बिहारात हे प्रत्यक्ष घडले. पहिल्या महायुद्धाच्या पुढेमागे धान्य महाग असताना पुष्कळ कुळांनी वाट्याचा खंड रोख करून घेतला. त्या वेळी तो सोयीचा वाटला. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले. रोख आकडा मात्र जागचा हलला नाही. अखेर १९३७ व १९३८ साली तेथील कुळकायद्यात दुरुस्त्या करून वाढलेले खंड उतरविण्याची तरतूद करावी लागली.

इंग्लंडातील दशमांशाचा धडा

कम्युटेशनचा सर्वांत मोठा व शिक्षणीय प्रयोग इंग्लंडात झाला. तेथे शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मपीठास देण्याची जुनी वहिवाट होती. दहावी पेंढी, दहावे कोकरू असा तो वसूल होई, व शेतकरी आणि धर्मगुरू ह्यांत नित्य कलह माजे. शिवाय खत घालून पीक वाढविले की दहावा हिस्साही वाढे. खर्च शेतकऱ्याचा आणि वाढीत भागी दुसरा, अशा स्थितीत जमीन सुधारण्याची उमेद राहत नसे. म्हणून १८३६ साली पार्लमेंटने कायदा करून हा हिस्सा रोख आकारात बदलला.

ह्या कायद्यातील युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. आकडा एकदाच ठरवून तो कायमचा बांधला नाही. शंभर पौंडांचे तीन समान भाग करून, प्रचलित सरासरी भावाने एका भागात गहू, दुसऱ्यात बार्ली व तिसऱ्यात ओट किती बुशेल येतात ते मोजले. मग दरवर्षी त्याच मापाच्या धान्याची किंमत मागील सात वर्षांच्या सरासरी भावाने काढून तितके पौंड द्यावयाचे, असे ठरले. म्हणजे देणे रोख, परंतु त्याचा पाया धान्य. अमेरिकेचे स्वस्त धान्य येऊन भाव उतरले, तेव्हा मूळ शंभर पौंडांचे देणे उतरत उतरत १९०१ साली सुमारे ६६ पौंडांवर आले. शेतकरी त्यामुळे काही अंशी तगला.

पुढे मात्र ही युक्ती मोडली. महायुद्धात भाव चढू लागले, तेव्हा १९१८ च्या कायद्याने आकडा सुमारे १०९ पौंडांवर थांबविला; आणि १९२५ च्या कायद्याने भावांच्या सरासरीशी असलेले नाते तोडून तो १०५ पौंडांवर बांधून टाकला. लवकरच मंदी आली. धान्याचा भाव पडला, देणे तेवढेच राहिले. शेतकऱ्यांची गुरे व गंजी जप्त होऊ लागल्या, लिलाव उधळले जाऊ लागले, आणि शेवटी १९३६ साली पार्लमेंटने हा आकार रद्द करून त्याऐवजी साठ वर्षांत फिटणारे हप्ते लावले. ते हप्तेही मुदतीपूर्वीच, १९७७ साली बंद करण्यात आले. चढत्या भावाच्या काळी ‘आकडा बांधा’ असे म्हणणाऱ्यांस उतरत्या काळाचे स्मरण राहत नाही, हे ह्या इतिहासाचे सार होय.

महाराष्ट्रातील सारा, वतन व चाकरी

आपल्याकडे इंग्रजी अमलात गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जी पाहणी सुरू केली, तिच्यात जमिनीची प्रत पाहून रोख सारा बसविला व तो तीस वर्षांसाठी कायम केला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ पर्यंत कापसास अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो उतरला. परंतु १८६७ साली इंदापुरापासून जी फेरपाहणी सुरू झाली, तिच्यात सारा बराच वाढविला गेला. भाव उतरते आणि सारा चढता, त्यात सावकारी देणे; ह्या कात्रीत सापडलेल्या रयतेचा क्षोभ १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे व आसपास उसळला. त्या दंग्यांची कारणे अनेक होती. तथापि रोख देणे आणि बाजारभाव ह्यांची फारकत हे त्यांपैकी एक होते ह्यात संशय नाही.

कम्युटेशन हा शब्द आपल्या दप्तरांत अधिक येतो तो वतनांच्या संबंधात. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी इत्यादी वतनदारांस चाकरीबद्दल जमिनी व हक्क असत. १८७४ च्या वतन कायद्याच्या १५ व्या कलमान्वये वतनदाराच्या संमतीने, ठरलेल्या शर्तींवर, त्यास व त्याच्या वारसांस चाकरीतून कायमचे मोकळे करण्याची मुभा होती. चाकरी जाऊन तिच्या जागी जमिनीवर जुडी किंवा पूर्ण सारा यावा, हे ह्या व्यवहाराचे स्वरूप.

वरिष्ठ वतनदारांस हे सुलभ झाले. परंतु कनिष्ठ वतनांची गोष्ट निराळी होती. महार वतनदारांकडून रात्री-अपरात्री चाकरी घेतली जाई. घरचा एक माणूस हजर नसला तर दुसऱ्यास जावे लागे. मोबदला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन उरलेला जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर मिळणारे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात ह्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. जो वतनदार इच्छील त्यास पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी व चाकरीतून सुटता यावे, आणि बलुत्याच्या जागी रोख पट्टी साऱ्याबरोबर वसूल व्हावी, अशी त्यातील मुख्य योजना होती. हेही कम्युटेशनच, परंतु येथे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. खळ्यावर हात पसरून घ्यावयाचा वाटा आणि हिशेबाने, हक्काने मिळणारी रक्कम ह्यांत माणसाच्या प्रतिष्ठेचे अंतर आहे. ते विधेयक १९२९ साली मागे घ्यावे लागले, आणि कनिष्ठ वतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. आम्हां जमीनधारकांनी हे प्रकरण विसरू नये. धान्याची देवघेव जुनी म्हणून गोड, असे देणाऱ्यास वाटते. घेणाऱ्याच्या बाजूने ती नेहमी तशी नसते.

पेन्शनची विक्री

आज शेतकरी कुटुंबात कोणी शिक्षक, कोणी तलाठी, कोणी रेल्वेतील नोकर असतोच. तो निवृत्त झाला म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसा घेतो व त्यातून विहीर, पाइपलाइन किंवा जमीन करावी असा घरात विचार निघतो. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पेन्शनच्या शेकडा ४० पर्यंत भाग असा विकता येतो. सहाव्या वेतन आयोगानंतर लागू झालेल्या कोष्टकात साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास, म्हणजे पुढील वाढदिवशी ज्याचे वय ६१ होईल त्यास, ८.१९४ हा गुणक दिला आहे. मासिक मूळ पेन्शन २०,००० रुपये असल्यास ४० टक्के म्हणजे ८,००० रुपये विकले. त्याचे वर्षाचे ९६,००० गुणिले ८.१९४ बरोबर ७,८६,६२४ रुपये हाती येतात.

पेन्शनचा विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निर्णयानंतर हा नियम स्थिर झाला. पंधरा वर्षांत कापली जाणारी रक्कम १४,४०,००० रुपये होते. आकडे नुसते शेजारी ठेवून ‘सरकार दुप्पट घेते’ असे म्हणणे बरोबर नाही. कारण आजचा रुपया व्याजाने वाढतो, आणि पेन्शनर मध्येच वारला तर राहिलेली रक्कम कुटुंबाकडून वसूल होत नाही. खरा प्रश्न असा की, हाती आलेला पैसा अशा कामी लागतो काय, की ज्याचे उत्पन्न दरमहाच्या ८,००० रुपयांची उणीव भरून काढील? पाण्याची खात्री असलेल्या विहिरीवर तो लागला तर ठीक. लग्नाच्या मांडवात गेला तर म्हातारपणीचे अन्न आधीच खाल्ले असे होईल.

यंत्र, रेल्वे व गणित

विजेच्या यंत्रातील कम्युटेटर म्हणजे प्रवाहाची दिशा पालटणारा भाग. तांब्याच्या पट्ट्यांचे ते एक फिरते कडे असते व त्यावर कार्बनचे ब्रश टेकलेले असतात. यंत्राचे वेटोळे अर्धा फेरा फिरले की त्यातील प्रवाहाची दिशा पालटली जाते, व म्हणून मोटर एकाच अंगाने फिरत राहते. १८३२ साली फ्रान्समध्ये पिक्सी ह्याने अँपियरच्या सूचनेवरून आपल्या विद्युज्जनित्रात अशी योजना केली. विहिरीवरील नेहमीच्या थ्री-फेज मोटरीत हा भाग नसतो. ट्रॅक्टरच्या स्टार्टरात मात्र सामान्यतः असतो. स्टार्टर ओढत नसेल तर बॅटरी व तिच्या तारा तपासल्यावर ब्रश झिजले आहेत काय व कम्युटेटर काळवंडला आहे काय हे पाहावे. अनेक सौर पंपांत ब्रशविरहित मोटर असते. तेथे दिशा पालटण्याचे हेच काम इलेक्ट्रॉनिक मंडल करते. म्हणून झिजणारा भाग तेथे उरत नाही.

रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्यास इंग्रजीत ‘कम्युटर’ म्हणतात, त्याचा उगम अमेरिकेत आहे. तेथील रेल्वे कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकात रोजच्या अनेक भाड्यांच्या जागी एकदाच भरावयाची सवलतीची रक्कम ठेवली. त्या तिकिटाचे नाव कम्युटेशन तिकीट. मुंबईच्या लोकलचा पास तो हाच. म्हणजे येथेही अनेक लहान देण्यांच्या बदली एक मोठे देणे आले.

गणितातील अर्थ थोडा वेगळा आहे. पाच गुणिले तीन आणि तीन गुणिले पाच ह्यांचे उत्तर एकच. म्हणून गुणाकार क्रमनिरपेक्ष. वजाबाकी तशी नाही. हा शब्द सेर्व्हाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ साली योजिला. शेतकऱ्यास हा भेद सांगावयास नकोच. दोन पोती खत बांधाच्या ह्या टोकाकडून टाकले की त्या टोकाकडून, सारखेच. पण नांगरट व पेरणी ह्यांचा क्रम उलटून चालत नाही.

शेतकऱ्याने काय पाहावे

आता ह्या सर्वांचे तात्पर्य. आज राजाचा वाटा वा जमीनदाराचा खंड उरला नाही. परंतु धान्याच्या, जमिनीच्या वा चाकरीच्या जागी रोकड घेण्याचे प्रसंग पूर्वीपेक्षा अधिक येतात. कोणी बटाईची जमीन रोख मक्त्याने देतो, कोणी सौर प्रकल्पास दीर्घ मुदतीच्या भाड्याने देतो. २०२३ सालच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठेवली गेली. समजा करार पंचवीस वर्षांचा आहे. तर शेवटच्या वर्षी हे भाडे सव्वा लाखाहून बरेच अधिक होते. ते पुरेसे की अपुरे हे पिकाच्या किमती किती वाढतील ह्यावर ठरेल; वाढीची अट मुळीच नसती तर शेवटच्या वर्षीही सव्वा लाखच मिळाले असते, हे मात्र निश्चित.

म्हणून कोणत्याही अदलाबदलीच्या कागदावर सही करण्यापूर्वी आमच्या वाचकांनी पुढील गोष्टी तपासाव्या अशी आमची सूचना आहे.

१. आकडा कोणत्या भावाने ठरला? एका वर्षाच्या भावाने ठरला असेल तर तो तेजीचा की मंदीचा हे पाहावे, व निदान पाच वर्षांची सरासरी मागावी.

२. आकडा बांधलेला आहे की भावाबरोबर चढणारा-उतरणारा? घेणाऱ्यास वाढीची अट हवी. देणाऱ्यास उतरण्याची अट हवी. दोघांनीही ती लेखी करावी.

३. पीक बुडाल्यास हानी कोणाची? वाट्यात ती दोघांची असते. रोख मक्त्यात बहुधा कसणाऱ्याची एकट्याची.

४. बदल कायमचा की मुदतीचा? पेन्शनचा विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत येतो. सोडून दिलेला हक्क येत नाही.

५. जे गेले ते खरोखर माफ झाले, की दुसऱ्या नावाने राहिले? ‘सूट’ हा शब्द कागदावर दिसला म्हणजे देणे संपले असे समजू नये.

बदल करून घेणे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडच्या शेतकऱ्यास दहाव्या पेंढीच्या कटकटीतून सुटका मिळाली, आणि चाकरीने जखडलेल्यांस रोख हिशेब हा मुक्तीचा मार्ग दिसला. रूप पालटणे हे कित्येक वेळा हिताचेच असते. फक्त ते पालटताना माप कोणाच्या हाती आहे, हे आपण पाहिले पाहिजे. पूर्वी खळ्यावर माप घालणाऱ्याच्या हाताकडे शेतकरी डोळ्यांत तेल घालून पाहत असे. आता माप कागदावर घातले जाते, म्हणून ती दृष्टी कागदावर ठेवावी.